गोठ्यासाठी दुसरा स्किड स्टिअर लोडर घेताना

सिन्नर तालुक्यात आमचा मुक्त गोठा आहे. दुभत्या, गाभण आणि कालवडी मिळून नव्वदीच्या आसपास जनावरं, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. मोठी दुभती गाय दिवसाकाठी तीस किलोच्या वर शेण टाकते. म्हणजे रोज दोन टन शेण उचलायचं, शिवाय बंकरमधून, म्हणजे साठवणीच्या हौदातून, मुरघास (दाबून आंबवलेला हिरवा चारा) काढायचा, गव्हाणीत टाकायचा, पशुखाद्याच्या गोण्या हलवायच्या. हे सगळं आमच्याकडे एकच यंत्र करायचं, स्किड स्टिअर लोडर, म्हणजे पुढे आर्मवर बकेट असलेलं छोटं चारचाकी यंत्र. कुठल्याही कंपनीचं असलं तरी आमच्या भागात त्याला बॉबकॅटच म्हणतात. ते बंद पडलं की दुसऱ्या दिवशी गायींच्या खुरांना शेण चिकटलेलं दिसतं आणि तिसऱ्या दिवशी सडं घाण होतात. तिथून लंगडणं आणि दगडी (कासेची सूज) फार लांब नसतात. म्हणून जुनं यंत्र बदलायचं ठरलं तेव्हा मी ते ट्रॅक्टर घेतल्यासारखं झटपट उरकू दिलं नाही.

जुनं यंत्र आम्ही वापरलेलंच घेतलं होतं. शेणातल्या ओलीनं आणि अमोनियानं त्याची खालची पत्र्याची पेटी खाल्ली होती, आर्मच्या पिना आणि बुश ढिले झाले होते, आणि उन्हाळ्यात तेल तापलं की शेणखड्ड्याच्या चढावर ते दम सोडायचं. अंबडच्या एमआयडीसीतल्या हायड्रॉलिकवाल्यानं तपासून सांगितलं, की चाकांना ताकद देणारा पंप घासलाय आणि तो बाहेरून मागवावा लागेल. तोही खर्च आम्ही केला असता. पण त्याच तपासणीत सीटखाली एक वायर सापडली. आधीच्या कुठल्या तरी मेकॅनिकनं सीटचा सेन्सर आणि पुढचा सेफ्टी बार त्या वायरनं कायमचा जोडून टाकला होता. म्हणजे माणूस सीटवर नसताना, बार वर असतानाही आर्म हलू शकत होते. या यंत्रात चढायचं-उतरायचं पुढून, दोन आर्मच्या मधून आणि बकेटवरून असतं. आमचा ऑपरेटर रोज पहाटे अंधारात तसाच उतरायचा. ते ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. त्या दिवसापासून ते यंत्र चालवणं बंद केलं आणि नवं येईपर्यंत शेजारच्या गावातला ट्रॅक्टर भाड्यानं लावला.

ट्रॅक्टरलाच पुढे लोडर बसवावा, असं अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं होतं. ट्रॅक्टर घरात आहे, स्वस्तात होईल. भाड्याच्या ट्रॅक्टरनं त्याचं उत्तर आपोआप दिलं. आमच्या जुन्या शेडमध्ये दोन खांबांच्या मधून वळायला त्याला तीन-तीनदा मागे-पुढे करावं लागायचं आणि गायी कोपऱ्यात दाटायच्या. स्किड स्टिअरला स्टिअरिंगची चाकंच नसतात. एका बाजूची दोन्ही चाकं पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे फिरवली की ते जागच्या जागी वळतं. शेण ओढणाऱ्या स्वयंचलित स्क्रॅपरचाही विचार केला, पण आमचा जुना शेड सरळ नाही आणि त्यानं मुरघासाचं काम होत नाही.

मग मी टेप घेऊन गोठा मोजला. आधी कॅटलॉग आणि मग गोठा, असं करण्यापेक्षा हे उलटं बरं पडलं. जुन्या शेडचं दार सहा फूट रुंद, छपराची सगळ्यात खालची कैची सात फुटांवर, गव्हाणीपुढची गल्ली आणि बंकरचं तोंड मात्र ऐसपैस. या वर्गातली लहान यंत्रं साधारण साडेसहा फूट उंच असतात आणि पाच फुटी बकेट लावली की दारातून दोन्हीकडे सहा-सहा इंच उरतात. त्याहून मोठं यंत्र कितीही ताकदीचं असलं तरी माझ्या दाराबाहेरच राहिलं असतं. डीलरकडचा मुलगा हॉर्सपॉवरवर बोलत होता, मी त्याला बकेटसकट रुंदी विचारत होते. अनेकदा कागदावर टायरपासून टायरपर्यंतची रुंदी छापलेली असते, बकेट त्याहून रुंद असते. हे विचारूनच घ्यावं.

दुसरा आकडा उचलण्याच्या क्षमतेचा. चाकांवरच्या स्किड स्टिअरची क्षमता म्हणून जो आकडा लिहितात, तो यंत्र पुढे कलंडण्याच्या वजनाच्या निम्मा असतो. लहान यंत्रांत तो सहाशे किलोच्या आसपास येतो. ओलं शेण जवळजवळ पाण्याइतकं जड, त्यामुळे अर्ध्या घनमीटरची भरगच्च बकेट पाचशेच्या घरात जाते. ते चालतं. पण फोर्क लावून ५० किलोच्या गोण्यांची पॅलेट उचलायची तर हिशोब बदलतो, कारण फोर्कचं स्वतःचं वजन आणि शिवाय भार यंत्रापासून आणखी पुढे जातो. दहा गोण्यांची थप्पी आम्हाला हवी होती. मी आठवर समाधान मानलं. दोन गोण्यांसाठी दाराची चौकट तोडून मोठं यंत्र घ्यायचं, हे मला पटलं नाही.

उचलण्याच्या पद्धतीवर घरात खूप चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एका प्रकारात आर्म एकाच सांध्यावर कमानीसारखे वर जातात. अर्ध्या उंचीवर बकेट सगळ्यात पुढे पोचते आणि पूर्ण वर गेली की परत यंत्राकडे येते. त्याला रेडियल लिफ्ट म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे व्हर्टिकल प्रकारात जास्तीचे जोड असतात आणि बकेट जवळजवळ सरळ वर जाते, त्यामुळे उंच ट्रॉलीच्या मधोमध माल पडतो. आमचं शेणखत निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षबागायतदार नेतात. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आधी ट्रॉल्यांची रांग लागते. फळ्या लावून उंच केलेल्या ट्रॉल्या असतात. त्यामुळे यजमानांचा कल व्हर्टिकलकडे होता.

मी मात्र वर्षाचा हिशोब मांडला. ट्रॉल्या भरणं हंगामाचं काम, शेण ढकलणं आणि मुरघास काढणं रोजचं, आणि रोजचं सगळं काम जमिनीपासून छातीपर्यंतच्या उंचीतलं. तिथे रेडियल पुरेपूर चालतं, किंमत कमी आणि सांधे कमी. शेणात काम करणाऱ्या यंत्राला कमी सांधे म्हणजे कमी ग्रीस आणि कमी झीज. ट्रॉलीसाठी आम्ही शेणखड्ड्याशेजारी मुरूम टाकून, दाबून, दोन फुटांचा ओटा केला. यंत्र ओट्यावर, ट्रॉली खाली. दोन किमतींतल्या फरकापुढे त्या मुरमाचा खर्च काहीच नव्हता.

वापरलेलं यंत्रही पाहिलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यानंतर रस्त्याच्या कामावरची यंत्रं विकायला निघाल्याचं कानावर येत होतं. एक घोटीकडे पाहायला गेलो. रंग ताजा होता. आमच्या ऑपरेटरनं पोचल्या पोचल्या इंजिनवर हात ठेवला. ते आधीच गरम करून ठेवलेलं होतं, म्हणजे थंड असताना सुरू होतं का, हे आम्हाला दाखवायचं नव्हतं. निफाड-सिन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटेला ते महत्त्वाचं असतं. मग भरलेली बकेट वर करून इंजिन बंद केलं आणि आम्ही सगळे लांब उभे राहिलो. आर्म जागेवर थांबायला हवे होते, पण ते हळूहळू खाली येत होते. दोन आर्मना जोडणाऱ्या आडव्या पाइपवर रंगाखाली वेल्डिंगची गाठ दिसली. ऑपरेटर म्हणाला, “वहिनी, हे आपल्या जुन्याचंच भावंड आहे.” तिथून परत फिरलो.

नवं घ्यायचं तर आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागली. १ जानेवारी २०२५ पासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना सीईव्ही स्टेज ५ हे धुराचे नियम लागू झाले. अशा इंजिनांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळून टाकायला इंजिन चांगलं तापावं लागतं. गोठ्यात आपण दहा मिनिटं चालवतो, बंद करतो, तासाभरानं परत पाच मिनिटं. असं केलं की फिल्टर तुंबतो. म्हणून आम्ही कामाची घडी बदलली. पहाटेचं दूध काढून झालं की शेण, मुरघास आणि खत हलवणं एका बैठकीत. आणि फिल्टर काजळी जाळत असेल तेव्हा नळी फार तापते, म्हणून त्या वेळी यंत्र कडब्याच्या गंजीपासून लांब, उघड्यावर उभं करायचं. डीलरनं हे आपणहून सांगितलं नव्हतं, विचारल्यावर मात्र नीट समजावलं.

डेमो आमच्याच कोब्यावर हवा, ही माझी अट होती. शोरूमच्या आवारात कुठलंही यंत्र छान वळतं. इथे दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, पाठीमागचा रेडिएटर. वाळलेल्या शेणाची धूळ आणि कडब्याचा भुसा जाळीत बसतो, म्हणून ती जाळी पाना न लावता उघडून हवेनं साफ करता येते का. दुसरी, वळताना कोब्याचं काय होतं. जागच्या जागी वळणारं यंत्र टायर घासतच वळतं, आणि गायींचे पाय घसरू नयेत म्हणून पाडलेल्या खाचा वर्ष-दोन वर्षांत गुळगुळीत होतात. ज्याची गाय फाकून पडली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या ऑपरेटरनं अर्धवर्तुळात वळून दाखवलं, जागच्या जागी नाही. तेव्हापासून नियमच केला, की जनावरांच्या जागेत लांबून वळायचं, गिरकी फक्त शेणखड्ड्यावर. टायर हवेचेच, जाड प्लायचे घेतले. बाभळीच्या काट्यांमुळे भरीव टायरचा मोह होत होता, पण त्यांचे हादरे माणसाच्या कमरेला बसतात.

हँडल कसं असावं, हे मी पूर्णपणे ऑपरेटरवर सोडलं. जुन्यात आर्म पायाच्या पेडलवर होते आणि शेणानं भरलेले गमबूट तिथे अडकायचे. त्याला जॉयस्टिक हवी होती, किंमत वाढत होती. दिवसाचे तीन-चार तास जो त्या पिंजऱ्यात बसतो, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं? जेसीबी कंपनीच्या एकाच आर्मच्या स्किड स्टिअरमध्ये डाव्या बाजूनं दार असतं आणि बकेटवरून चढावं लागत नाही. ते मला फार आवडलं होतं. शेवटी दोन आर्मचं घेतलं, कारण त्याचा सर्व्हिस इंजिनिअर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर बसतो आणि फिल्टर, सील, होज नाशकातच मिळतात. तुमच्या तालुक्यात उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून कंपनीचं नाव इथे लिहीत नाही.

बँकेत वेळ गेला. “ताई, हे बांधकामाचं यंत्र आहे, शेतीच्या कर्जात कसं बसवू?” असं साहेब म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं, कागदावर ते तसंच आहे. मी त्यांना सांगितलं, की १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी या यंत्राचं पहिलं रूप बनवलं, ते एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्यासाठी, खांबांच्या दाटीतून फिरून शेडमधली घाण काढायला. यंत्र जन्मलंच गोठ्यातल्यासारख्या कामासाठी. अर्थात कर्ज या गोष्टीनं नाही, दूध संकलनाच्या बिलांनी आणि जनावरांच्या विमा कागदांनी मंजूर झालं, पण त्यानंतर साहेब गोठा बघायला स्वतः आले.

कराचं मात्र आधीच लक्षात घ्यावं. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. लोडर १८ टक्क्यांतच आहे. ताज्या दुधावर जीएसटी नाही, म्हणून आपण भरलेला कर पुढे वळताही करता येत नाही. तो सगळा खर्चातच धरावा लागतो. कोटेशनवर “कर वेगळा” लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबून बेरीज करावी.

यंत्र आलं त्या दिवशी इंजिनिअरकडून मी एकच गोष्ट सगळ्यांसमोर करून घेतली. ऑपरेटर, धाकटे दीर आणि मी, तिघांनी आळीपाळीनं सेफ्टी बार वर करून आर्म हलतात का ते पाहिलं. हलले नाहीत. मग आर्म वर ठेवून काम करायची वेळ आली तर लावायचा लोखंडी टेकू कुठे असतो, तो कसा अडकवायचा, मागची काच संकटात कशी काढायची, हे तिघांनी केलं. आता दर सोमवारी बारची तपासणी होते आणि वहीत सही होते. रोज संध्याकाळी खालची पेटी आणि चाकांमागचं शेण पाण्यानं धुऊन यंत्र चढावर उभं करतात, म्हणजे पाणी निथळतं. धुतल्यावर पिनांना ग्रीस. धुवायच्या आधी नाही, नाहीतर ते वाहून जातं.

वासरांच्या शेडचं दार चार फुटांचं आहे, तिथे कुठलंच लोडर जात नाही. ते शेण अजून फावड्यानंच निघतं, आणि ते दार मोठं करायचा आमचा विचारही नाही. त्या बाजूला यंत्र न गेलेलंच मला हवं आहे.