हिशेब आईकडेच राहील

रविवार, रात्री

आज काका आले होते. बोलता बोलता आई अडखळली, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "वय झालं आता वहिनीचं, व्हायचंच असं." हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

आई ७१ वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक, सगळं होऊन चार वर्षं झाली. लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी रोज चालू आहे. गाठ परत आलेली नाही, नागपूरला दर तपासणीत "सगळं चांगलं आहे" म्हणतात आणि ते खरंच आहे. पण स्मरणाचं काय, हा विषय तिथे निघतच नाही.

परवा वावरात वेचणीचा कापूस मोजत होतो. आधी काट्याला एकेक गाठोडं लागायचं आणि आई प्रत्येकीचं वजन तोंडपाठ ठेवायची, थेट बाजाराच्या दिवशी मजुरी वाटेपर्यंत. परवा चौथ्या गाठोड्याचा आकडा तिने वाचला, तेवढ्यात एकीने पाणी मागितलं आणि आकडा गेला. मागचे तिन्हीही गेले. मी नुसतं "पहिलीचे बावीस" म्हटलं, तर पुढचे दोन तिने बरोबर सांगितले.

"सारं हाये वं डोक्यात," ती म्हणाली, "पण टायमावर येत नाही."

डॉक्टर लोक याला 'केमो ब्रेन' म्हणतात. लक्ष टिकत नाही, मेंदूचा वेग कमी होतो, शब्द ओठावर येऊन अडतो, दोन कामं एकदम झेपत नाहीत. केमोचं नाव लागलं असलं तरी दोष एकट्या केमोचा नाही. हार्मोनच्या गोळ्या, शरीरातली सूज, थकवा, तुटकी झोप यांचाही हात असतो, आणि काही बायांमध्ये तर उपचार सुरू व्हायच्या आधीच फरक दिसतो. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांची त्याच वयाच्या निरोगी स्त्रियांशी तुलना करून बघितली. २०१८ मध्ये छापून आलं की एपीओई-४ हे विसरभोळेपणाच्या आजाराचा (अल्झायमर) धोका वाढवणारं जनुक असलेल्या ज्यांना केमो मिळाली, त्यांची लक्ष आणि वेगाची घसरण जास्त होती. बहुतेकींचा त्रास सौम्यच असतो. म्हणजे नुसतं वय नाही, आणि लगेच 'वेड लागलं' असंही नाही.

उलट यातलं काही दुरुस्त होण्यासारखं असतं. बी-१२ कमी असणं, थायरॉईड, रक्त कमी असणं, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या. ऐकू कमी येणं हेही एक. कानात नीट पोचलंच नाही तर लक्षात काय राहणार? हमखास गुण येईल असं औषध नाही, पण रोजच्या चालण्याचा उपयोग होतो. लेट्रोझोल मात्र मनाने बंद करायची नाही, कॅन्सर परत येऊ नये म्हणूनच ती आहे.

दादाचं म्हणणं, हिशेब आता त्याच्याकडे द्यावा, आईला त्रास नको. प्रेमापोटीच म्हणतो, तरी मला पटत नाही. जे काम तिने जन्मभर मानाने केलं ते काढून घेतलं तर ती दिवसभर ओसरीवर बसून राहील. त्यापेक्षा काट्याजवळ वही ठेवू. आकडा वाचला की लगेच लिहायचा, आणि मोजणी चालू असताना बायांनी तिच्याशी बोलायचं नाही. बायांना मी सांगेन.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आधी हेच सांगायचं. काट्याजवळचा प्रसंग जसा घडला तसा फाईलमधल्या कागदावर लिहून ठेवलाय, सोबत बी-१२, थायरॉईड आणि कान तपासायचं विचारायचं. काकांनाही सोबत नेणार आहे.