शिरोरेखा आधी सांधा, लाईट नंतर लावा

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाच्या व्हिडिओंची घाई सुरू होते. नेमका ‘मुक्तिसंग्राम’ हाच शब्द चकाकत्या थ्रीडी शीर्षकासाठी ब्लेंडरमध्ये (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) थेट टाईप केला की फसतो: ‘क्ति’ची वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षर फुटलेलं. फॉन्ट बदलून उपयोग नाही. ब्लेंडरच्या चौथ्या मालिकेतही टेक्स्ट ऑब्जेक्ट अक्षरं टाईप केलेल्या क्रमानेच मांडत जातो.

म्हणून शब्द इंकस्केपमध्ये (रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर) लिहायचा. ‘मुक्ता’ फॉन्टचं जाड वजन घ्या, बारीक फॉन्टला जाडी दिली की तो काडीसारखा दिसतो. शिफ्ट-कंट्रोल-सी ने शब्दाचा पाथ (अक्षरांऐवजी नुसती बाह्यरेषा) करा, शिफ्ट-कंट्रोल-जी ने ग्रुप सोडवा, सगळं निवडून कंट्रोल-प्लस ने युनियन करा, म्हणजे सगळे आकार एकसंध होतात. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेखा घेऊन येतं आणि शेजारच्यावर थोडं चढतं. सपाट असताना ते कळत नाही, पण बेव्हल (कडांची गोलाई) दिलं की रेघेवर जागोजागी सांधे उठतात.

आता ही फाईल एसव्हीजी म्हणून सेव्ह करून ब्लेंडरमध्ये आणा. शब्द वीतभर येतो आणि आडवा पडलेला असतो. एक्स अक्षावर ९० अंश उभा करा, अक्षराची उंची साधारण १ मीटर होईल इतका वाढवा आणि कंट्रोल-ए ने स्केल लागू करा. मग एक्स्ट्रूड (जाडी) ०.०८, बेव्हल ०.०१, बेव्हलचं रिझोल्यूशन ३. एक्स्ट्रूड दोन्ही बाजूंना जातं, म्हणजे खरी जाडी दुप्पट. बेव्हल अक्षर बाहेर फुगवतं, त्यामुळे ‘म’ची गाठ बुजते, ऑफसेट (कड आत-बाहेर सरकवणं) उणे ०.०१ ठेवला की ती मोकळी होते.

मटेरियलला मेटॅलिक १ (पूर्ण धातू), रफनेस (खरखरीतपणा) ०.२५ दिलं आणि अक्षरं काळीठिक्कर पडली, तर लाईटचे वॅट वाढवत बसू नका. धातूला स्वतःचा रंग दाखवायलाही प्रतिबिंब पडेल असं समोर काहीतरी लागतं. वर्ल्डमध्ये (दृश्याभोवतीची पार्श्वभूमी) एचडीआरआय, म्हणजे प्रकाश देणारा सभोवतालचा फोटो टाका, किंवा दोन मोठे एरिया लाईट (पसरट दिवे).

मुख्य लाईट डोक्यावरून कधीच नको. सगळी चमक शिरोरेखेच्या वरच्या कडेला जाते, खालचे काने अंधारात राहतात, आणि लांबून शब्द म्हणजे नुसती एक पांढरी रेघ. तो बाजूने, जरासा वरून, ४५ अंशांत ठेवा. वेरूळला तिरपं ऊन आलं की कोरीव काम उठून दिसतं, तेच इथे. मागून दुसरा लाईट, समोरून मुख्यच्या चौथाईइतक्या ताकदीचा तिसरा.

चमक सरकवायची असेल तर ०.२ बाय ३ मीटरचा उभा एरिया लाईट शब्दासमोरून ५० फ्रेममध्ये न्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने दोन सेकंद होतात. भगवा फिका पडला तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसतील ती सेटिंग) एजीएक्सवरून स्टँडर्डवर आणा.

रेंडर थेट एमपी४ मध्ये नको, पीएनजी फ्रेम काढा आणि ओव्हरराईटची (आधीच्या फाईलवर पुन्हा लिहिण्याची) खूण काढून टाका. मधेच लाईट गेली (ही महावितरणची!) तर जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. शेवटची फ्रेम अर्धवट असू शकते, तेवढी आधी डिलीट करा.