तुम्ही विचारलंत म्हणून: मनोऱ्यावर भूपाळी का नाही?

"एवढी वर्षं कॅरिलन वाजवतेस, मग आपलं एखादं भजन का नाही वाजवत?" बेल्जियममध्ये भेटणारं प्रत्येक मराठी माणूस मला हे विचारतं. (कॅरिलन म्हणजे मनोऱ्यातल्या सुरात लावलेल्या घंटांचं वाद्य, दांड्यांवर मूठ मारून आणि पायपट्ट्या दाबून वाजवायचं.) वेळ मिळत नाही, असं आजवर सांगत आले. ते खरं नाही.

एकदा वाजवलं होतं. अण्णा आले होते, नाशिकच्या भजनी मंडळात जन्मभर पेटी वाजवलेले. त्यांच्यासाठी भूप रागातली भूपाळी बसवली. महिनाभर सराव केला तो खालच्या खोलीत. तिथे दांडे आणि पायपट्ट्या मनोऱ्यातल्यासारख्याच, पण दांड्यावर मूठ मारली की घंटा नाही, धातूची पट्टी वाजते. भूप स्वच्छ येत होता. त्या सकाळी वर चढले आणि संथ लयीत, मुद्दाम मोठ्या घंटांवर वाजवली. खाली चौकात आले तर अण्णा बाकावर बसलेले. म्हणाले, "छान. पण गंधार कोमल का घेतलास गं?"

मी घेतला नव्हता! भूपात गंधार शुद्धच असतो. घंटेच्या एका ठोक्यात पाच मुख्य स्वर असतात आणि त्यांतला एक त्या घंटेचा स्वतःचा कोमल गंधार. १६४४ मध्ये घंटा ओतणाऱ्या हेमोनी बंधूंनी नेदरलँड्समधल्या झुटफेनला पहिलं नीट सुरात लावलेलं कॅरिलन बसवलं. त्यांनीही तो काढला नाही, सुरात आणला. मोठी घंटा घुमत राहते, तिला थांबवायची सोय नाही. मी शुद्ध गंधार वाजवला तेव्हा षड्जाची घंटा आपला कोमल गंधार सोडायला तयार नव्हती.

हे सगळं मी अण्णांना भर चौकात, आवाज चढवून ऐकवलं. "तुम्हाला यातलं काही कळत नाही," हेही म्हटलं. "असेल बाई," म्हणाले आणि उठले. पुढचे अकरा दिवस ते घरात होते. घंटांचा विषय त्यांनी काढला नाही. अजूनही फोनवर काढत नाहीत.

मग भैरवी वाजव, असं सुचवता. तिच्यात गंधार कोमलच, त्यामुळे षड्ज, मध्यम, पंचमाच्या घंटा जुळतात, पण कोमल रिषभाच्या घंटेतून शुद्ध गंधार डोकावतो. नेदरलँड्समधल्या आस्तेनच्या आइसबाउट्स या घंटांच्या कारखान्याने १९८० च्या दशकात शुद्ध गंधाराच्या घंटाही ओतल्या. मला त्या नको आहेत. त्या कोमल गंधारासाठीच तर मी हे वाद्य धरलं.

तेव्हा मला वाटायचं, दोष घंटेचा. पण लहान घंटांचा नाद लवकर विरतो, आणि इथले वादक अशी धून वरच्या सप्तकात मांडतात. मला हे माहीत होतं. अण्णांना भारदस्त वाटावं म्हणून मी खालच्या घंटा धरल्या. तरी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नसलेला तो भूप त्यांना भूप वाटला असता का? कुणास ठाऊक.

भूपाळी वरच्या घंटांसाठी पुन्हा लिहून ठेवली आहे. दर रविवारी कागद सोबत नेते आणि तसेच खाली आणते.