तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या सरावाच्या रायफली कापू नका असं का म्हणतो

"हत्यारच ना ते? वितळवलं तर बिघडलं कुठे?" हे पुण्याहूनही विचारतात, इंग्लंडातल्या लेस्टरहूनही. एनसीसीत पॉइंट टू-टू (.२२) रायफल चालवलेली माणसं विचारतात तेव्हा जरा जास्तच लागतं.

विषय आहे ब्रिटिश कॅडेटांच्या ली-एनफील्ड नंबर ८ चा. १९५० च्या आसपास आलेली, मॅगझिन नसलेली, एकेक .२२ गोळी हाताने भरायची रायफल. २०१५ नंतर तिच्या जागी सॅव्हेज कंपनीची एल१४४ए१ आली. नवीबद्दल माझी तक्रार नाही.

जुनी प्रत्येक रायफल वाचवा, असं पूर्वी म्हणायचो. आता म्हणत नाही. पण न तपासता सरसकट कापून मोडीत काढणं मला आजही पटत नाही, कारण तपासणी अवघड नाही. बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढा आणि चेंबरच्या, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीच्या, तोंडाची कड पाहा. रिकाम्या चेंबरवर घोडा ओढत राहिलं की स्ट्रायकर, म्हणजे गोळीवर ठोका देणारी पिन, त्या कडेवरच आपटतो, धातू आत दबतो आणि झाडलेली पुंगळी अडकते. त्यावर कानस चालवायची नाही. चेंबर मोठं होतं आणि पुंगळीची कड फुटू शकते. कडक पोलादाची गुळगुळीत, निमुळती खुंटी दाबून धातू मागे सारायचा. मग नाळेचं, म्हणजे बंदुकीच्या नळीचं, तोंड. वर्षानुवर्षं पुढून सळई घालून साफ केलेल्या नाळेचा शेवटचा इंच झिजतो. तेवढं कापून नवं तोंड करता येतं, पण फोरसाइट (नेमाची पुढची खूण) तिथेच बसवलेली असते, त्यामुळे फार मागे जाता येत नाही. शेवटी २५ यार्डांवरच्या कागदी निशाणावर टेकू देऊन पाच गोळ्या. पाचही भोकं छोट्याशा ब्रिटिश पाच पेन्सच्या नाण्याखाली झाकली गेली, तर अशी रायफल कापणं निव्वळ नासाडी आहे.

कापतात कसं, हे विचारणाऱ्यांनी बहुधा पाहिलेलं नसतं. करवतीचा काप पुन्हा जोडता येतो, म्हणून गॅसची ज्योत वापरतात. अमेरिकेच्या नियमांत बॉडीवर (बोल्ट ज्यात बसतो त्या मुख्य सांगाड्यावर) तीन तिरपे काप, प्रत्येक कापात किमान पाव इंच धातू जळून गेला पाहिजे. आधी बॉडीच्या कडा लाल होतात, मग वितळलेलं पोलाद थेंबाथेंबाने खाली गळतं. लाकडी दस्ता आधी काढला नसेल तर तोही करपतो. घाईत बॅकसाइट (नेमाची मागची खूण), ट्रिगर, दस्ता, सगळं त्याच ढिगात जातं. ब्रिटिश कायद्यात नाळ, बॉडी आणि बोल्ट हे नियंत्रित भाग; बॅकसाइट किंवा दस्ता नाही. मग ते तरी आधी उतरवून ठेवायला काय हरकत होती? क्लबातल्या एखाद्या चालू रायफलीला तेवढ्याच बॅकसाइटची वाट पाहायला लागते. इथे माझा तोल जातो, कबूल.

अमेरिकेत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे नागरिकांसाठीचा नेमबाजीचा कार्यक्रम, १९९६ च्या कायद्याने लष्कराकडून एका स्वतंत्र संस्थेकडे गेला आणि लष्कराच्या जादा .२२ रायफलींना नागरिकांपर्यंत जायची वाट चालू राहिली. लष्करासाठी बनवलेल्या किंबर ८२ रायफली त्याच कार्यक्रमातून लोकांच्या हातात आल्या. म्हणजे वाट काढता येते.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारी गोष्ट. पांढरा पट्टा आणि डीपी (ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी) अक्षरं असलेली रायफल 'वाचवून' पुन्हा चालू करू नका. ती बहुतेकदा आधीच झिजलेली किंवा तडा गेलेली म्हणूनच डीपी झालेली असते. शिवाय नाळेला मुद्दाम पाडलेलं भोक, बोल्टचं तोंड बंद. नवी नाळ आणि नवा बोल्ट बसवला तरी बॉडीवरचा ताण कुठे जातो? तिला कवायतीलाच ठेवा, नाहीतर खरंच कापा.

चोरीचं म्हणाल तर भीती खोटी नाही. शस्त्राचं सर्टिफिकेट, कुलूपबंद कपाट, बोल्ट वेगळ्या जागी, हे सगळं करूनही ती शून्यावर येत नाही. "मग धोका कशाला?" यावर माझ्याकडे आकडा नाही, फक्त त्या पाच गोळ्यांचा कागद आहे. तो पाहूनही तुम्ही कापाच म्हणालात तर मी वाद घालेन, जिंकेनच असं नाही.