आईचं नाव घेऊन

आमच्या ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्यातले सण आटोपले की पुढचा हेश्वान महिना मोकळाच असतो. तेव्हा ११ हेश्वानच्या, म्हणजे आमची पूर्वज, याकोबची बायको राहेलआई हिच्या स्मरणदिनाच्या, जवळचा रविवार धरून आमचं महिला मंडळ ठाण्यात जमतं. स्वागत, अहवाल, हिशेब हे सगळं होतं तसं होतं. त्या वेळी मी आत नारळाकडे असते.

माझा जीव अडकलेला असतो तो नावांच्या वेळेत. आपल्यात आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आईचं नाव लावतात, अमकी बत (म्हणजे मुलगी) अमकी. बापाचं नाव तिथे सहसा लावत नाहीत. आम्ही एकेक जण उठून तसंच नाव सांगतो आणि आईबद्दल दोन शब्द बोलतो. एकदा एका मुलीने दोन आयांची नावं घेतली, जन्म दिलेली आणि वाढवलेली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "असं चालतं का?" आमच्या मोठ्या आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मोशेला किती आया होत्या गं? योखेबेदने जन्म दिला, फारोच्या लेकीने वाढवलं." कुजबुज थांबली.

ज्यांची कूस उजवली नाही त्या पूर्वी ह्या वेळेला हळूच स्वयंपाकघरात सटकायच्या. मग एका वर्षी आत्यांनी शास्त्रातल्या हन्नाची गोष्ट लावली, मूल व्हावं म्हणून मंदिरात प्रार्थना करणारी ती. रोश हशानाच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, पहिल्या दिवशी आपण तीच वाचतो. ओठ हलतायत, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय! त्याच दिवशी अब्राहामच्या घरातून घालवून दिलेली हागारही वाचनात येते, तहानलेलं पोर झुडपाखाली ठेवून लांब बसलेली. दुसऱ्या दिवशी लेकरांसाठी रडणारी राहेल. नव्या वर्षाची सुरुवात ह्या बायांनी होते, हे इतकी वर्षं ऐकूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी पोट पडलेल्या एका वहिनी पहिल्यांदा उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, आम्हीही थांबलो.

इस्रायलमधल्या अश्दोदची भाची फोनवरून हजर असते. हेन्रिएटा सोल्ड बाईंबद्दल तिनेच सांगितलं. स्वतःचं मूल नाही, पण नाझींच्या तावडीतून सुटलेली हजारो मुलं त्यांच्या देखरेखीखाली वाढली. त्या १९४५ साली ज्यू पंचांगातल्या ३० शेवातला गेल्या, आणि इस्रायलने मातृदिन त्याच तिथीला धरला. आता त्याला कुटुंबदिन म्हणतात.

शेवटी एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पुरुषमंडळी नेमकी ह्याच वेळेला उगवतात. आम्ही मोजतो हो! गेल्या वर्षी नावांच्या वेळी तिघे होते, ताटाला एकवीस.

खोबरं खवलं पनवेलच्या मामींनी, पोहे धुतले दोघी जावांनी, सतरंज्या शमाशच्या (सिनेगॉगची देखभाल करणाऱ्याच्या) मुलाने घातल्या, खजूर अलिबागच्या काकूंनी आणला, माईक शेजारच्या गणेश मंडळाने दिला. केळी कुणी आणली ते विचारायचं राहिलं. त्या बाईंनी रागावू नये, मला फोन करावा.