पुरात भिजलेली पुस्तकं: आधी कोणती, मग कशी

पाणी ओसरलं, वाचनालयाचं दार उघडलं, की पहिला हात जातो तो दारालगतच्या कपाटाला. तिथे बहुधा कथा-कादंबऱ्या, दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात, कारण मागणी त्यांनाच जास्त. आतल्या खोलीत खालच्या फळीवर पडलेले जुने अहवाल, गावांचे इतिहास, शेती-विहिरी-रोगराईवरच्या पुस्तिका यांची पाळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. तोवर त्यांना बुरशी धरलेली असते. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. पुढचा येईल तेव्हा हा क्रम उलटा झाला पाहिजे, आणि त्यासाठीच हे लिहितो आहे.

बुरशीला ४८ ते ७२ तास पुरतात. ऑगस्टची दमट हवा, चिखल आणि बांधणीतली खळ असली की याहून कमी वेळातही ती दिसू लागते. एवढ्या वेळात सगळं वाचत नाही, म्हणून निवड करावीच लागते. निवडीची कसोटी एकच: हे पुस्तक पुन्हा मिळेल का? किंमत किती, कोणी भेट दिलं, किती लोक वाचतात, हे सगळं नंतर.

सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० साली मिळालं. मधल्या अकरा वर्षांतल्या अहवालांवर, पाहणीपत्रकांवर, सहकारी संस्थांच्या पुस्तिकांवर ‘दक्षिण सातारा’ असा छाप दिसला तर ते आधी उचला, कारण त्यांची दुसरी प्रत सहजासहजी सापडणार नाही. किर्लोस्करवाडीच्या नांगर-पंपांची जुनी माहितीपत्रकं, शाळांच्या शताब्दी स्मरणिका, ग्रामपंचायतींनी छापलेले गावचे इतिहास, वैद्यांच्या हस्तलिखित वह्या, हे सगळं याच गठ्ठ्यात. याउलट १८८५ चं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर किंवा वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश हे मोलाचे ग्रंथ असले तरी त्यांचा मजकूर आज इंटरनेटवर वाचायला मिळतो. त्यांच्या प्रती गेल्या तर वाईट वाटेल, पण ज्ञान जात नाही. ग्रंथपालांना हे ऐकायला कठोर वाटतं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी हाताशी चारच माणसं असतात तेव्हा हेच ठरवावं लागतं.

एक अपवाद: दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती. काय होतं आणि काय गेलं हे तिच्याशिवाय कळत नाही. पाणी शिरण्याआधी उचलायची पहिली वस्तू तीच.

आता आत शिरताना. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी आणि जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे. गमबूट, रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घातल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका, पायाला जखम असलेल्याला तर नाहीच.

कागद स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी पिऊ शकतो, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या आठेक तासांतच पितो. त्यामुळे गच्च भरलेल्या फळीवरची पुस्तकं फुगून एकमेकांत अडकतात, कधी लोखंडी कपाटाच्या कडाही वाकवतात. अशा रांगेतून एक पुस्तक वरून धरून ओढलं की पाठीचं कापड हातात येतं आणि पुस्तक फळीवरच राहतं. आधी रांगेच्या टोकाचं एक पुस्तक दोन्ही बाजूंनी दाबून, मागून ढकलत मोकळं करा. जागा झाली की बाकीची सुटतात. उघडं पडलेलं पुस्तक मिटू नका आणि मिटलेलं उघडू नका.

वाहतुकीला द्राक्षाची प्लास्टिकची क्रेट उत्तम. आपल्याकडे ती गावोगाव मिळते, चारही बाजूंनी छिद्रं असल्याने पाणी निथळतं. पुस्तकं पाठ खाली करून एकाच थरात उभी ठेवा. क्रेट पाऊण भरली की थांबा, ओली पुस्तकं उचलताना वजनाचा अंदाज चुकतो. प्रत्येक क्रेटला जाड पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बांधा: कोणतं कपाट, कोणती फळी. जेल पेनची शाई ओल्या चिठ्ठीवर टिकत नाही.

चिखल ओला असेल तर धुता येतो, वाळला असेल तर तसाच राहू द्या, पुस्तक सुकल्यावर मऊ ब्रशने झाडता येईल. धुताना ओळीने चार-पाच टब स्वच्छ पाण्याचे. पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट मिटून धरायचं, पहिल्या टबात बुडवायचं, ओल्या स्पंजने वरचा चिखल टिपायचा, घासायचा नाही. घासलं की मातीचे कण कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतात आणि मग ते कायमचे. असं टबागणिक पुढे, शेवटच्या टबात पाणी निवळ दिसेपर्यंत. हाताने लिहिलेल्या वह्या, शिवण सुटलेली पुस्तकं आणि गुळगुळीत कागदावरची चित्रं कधीच धुऊ नका. जुन्या खिळेछपाईची शाई तेलातली असते, ती पाण्याने हलत नाही. हलतो तो वाचनालयाचा जांभळा शिक्का. मुखपृष्ठावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर मारलेला तो गोल शिक्का पाण्यात फुटतो आणि समोरच्या पानावर जांभळा डाग उतरवतो. बांधणीच्या लाल कापडाचंही तसंच. पाण्यात लाल झाक दिसली की धुणं तिथेच थांबवा.

चकचकीत आर्ट पेपरवर छापलेलं काही असेल, म्हणजे चित्रपत्रं, वनस्पतींचे किंवा शरीररचनेचे रंगीत तक्ते, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे बघा. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो आणि तो बांधून ठेवायला चिकट द्रव्य. ओल्यात लेप मऊ होतो, वाळताना शेजारच्या पानाला चिकटतो, आणि एकदा वाळून चिकटलेली पानं पुन्हा सुटत नाहीत. ओढली तर चित्राचे पापुद्रे निघतात. ती ओली असतानाच, तासाभरात शक्य झालं तर उत्तम, प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपर घालावा लागतो. तेवढे हात नसतील तर सरळ गोठवा.

गोठवणं म्हणजे वेळ विकत घेणं. पाचशे पुस्तकं एकाच आठवड्यात कोणी सुकवू शकत नाही. प्रत्येक पुस्तक बटर पेपरात सैल गुंडाळा, म्हणजे ती एकमेकांना चिकटणार नाहीत, पाठ खाली करून क्रेटमध्ये लावा आणि शून्याखाली १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. नंतर रोज जमतील तेवढीच बाहेर काढून सुकवता येतात. इथे एक चूक सहज होऊ शकते. बेदाणा ठेवतात ते कोल्ड स्टोअरेज जवळ आहे, जागा भरपूर आहे, म्हणून पुस्तकं तिकडे नेली जातात. पण त्या खोल्यांचं तापमान शून्याच्या वर असतं. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही, आणि बंद दमट खोलीत महिनाभराने गठ्ठेच्या गठ्ठे काळे पडलेले सापडतात. आइस्क्रीमवाल्यांचा किंवा मासळीचा फ्रीजर चालेल. तो पूर न येणाऱ्या भागात हवा, कारण पाण्यातल्या भागाची वीज आधी जाते. गोठवल्याने बुरशी मरत नाही, झोपते, म्हणून बाहेर काढल्यावर हयगय नको.

आता सुकवणं, आणि माझ्या मते आपल्या जिल्ह्याला इथे एक मोठी सोय आहे. सांगलीत पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पंखा लावला तरी ओल खोलीतल्या खोलीत फिरते. त्याच वेळी जिल्ह्याच्या पूर्वेला, जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडे पाऊस कमी आणि वारा भरपूर. तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात बेदाण्याची शेड आहेत: वर छप्पर, बाजूला हिरवं शेडनेट, आत एकावर एक जाळीचे थर, आडव्या वाऱ्याला मोकळी वाट. द्राक्षं त्यात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाळतात. ऑगस्टमध्ये ही शेड रिकामी असतात. पुस्तक सुकवायला हवं ते सगळं इथे आहे: सावली, जाळी, वारा. ऊन मात्र नको. उन्हात कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो, आणि बाहेरून खडखडीत वाळलेलं पुस्तक आत शिवणीपाशी ओलं राहतं.

शेड वापरण्याआधी दोन गोष्टी पाहा. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी गंधकाची धुरी देतात. त्या धुराचा वायू ओल्या कागदात शिरला की आम्ल तयार होतं आणि कागद पुढे ठिसूळ होतो, म्हणून धुरीची बंद खोली टाळा, उघडं शेडच घ्या. दुसरं, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीवर टाकतात, त्याचा तेलकट थर जाळीवर उरतो. जाळी साबणाने धुऊन वाळवा आणि वर कोरा कागद पसरा. चारही बाजूंना पावसाची झड अडवायला ताडपत्री तयार ठेवा, पण झड नसताना ती गुंडाळलेली असू द्या.

गच्च ओलं पुस्तक लगेच उभं करू नका, पानं खाली सरकतात आणि शिवणीतून फाटतात. आधी आडवं ठेवून पाणी निथळू द्या. मग दर २० ते २५ पानांनी एक कोरा शोषक कागद घाला. रद्दीचं वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओल्या पानावर उठते, न छापलेला न्यूजप्रिंट घ्या. घातलेल्या सगळ्या कागदांची जाडी पुस्तकाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाली तर पाठ फुटते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी कागद बदला, काढलेले कागद खोलीबाहेर न्या. नुसतं दमट उरलं की पुस्तक उभं करा, पुठ्ठे काटकोनात उघडे, पानं पंख्यासारखी मोकळी, आणि रोज वरची बाजू खाली करा. पंख्याचा झोत पुस्तकावर नाही, भिंतीकडे. हेअर ड्रायर आणि इस्त्री यांना हातच लावू नका.

सुकलं की नाही हे गालाने कळतं. पुस्तक मधोमध उघडा, शिवणीजवळचा भाग गालाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. कडा कोरड्या लागतात आणि माणूस फसतो, पण पाठीतली मैद्याची खळ ओल धरून ठेवते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पूर्ण सुकल्यावर दोन फळ्यांमध्ये ठेवून चार-पाच किलोचं वजन द्या, आठवडाभर. त्याआधी वजन दिलं तर ओल आत कोंडते.

बुरशी आलीच तर ती ओली आहे की वाळलेली हे पाहा. बोटाला मऊ लागून पसरते ती जिवंत, तिला पुसू नका, आधी पुस्तक वाळवा. पावडर होऊन सुटते ती झोपलेली, ती मोकळ्या जागी, मास्क लावून, वाऱ्याच्या दिशेने मऊ ब्रशने झाडा. फिनाईल, डेटॉल, ब्लीच कागदाला लावू नका. पूर्वी ओव्याचं फूल (थायमॉल) दिव्याच्या उबेवर ठेवून बंद पेटीत पुस्तकांना धुरी देत. ती वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपाय करते आणि हवेतली ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा येते. डांबरगोळ्या बुरशीला काहीच करत नाहीत. कडुनिंबाचा ओला पाला तर उलट ओल आणतो.

परत फळीवर ठेवायची घाई करू नका. शे-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत टांगा, तो सलग आठवडाभर ६० टक्क्यांच्या खाली राहिला की मगच. सांगलीत हे बहुतेक ऑक्टोबर उजाडल्यावर होतं. भिंती आणि लाकडी कपाटं पुस्तकांहून उशिरा वाळतात, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक फळीवरची दोन-चार पुस्तकं काढून पाठीशी वास घ्या.

बांधणी पुन्हा करून घेताना बाइंडरला आधीच सांगा: खळीत मोरचूद नको आणि पाठीवर फेविकॉल नको. मोरचूद किडीसाठी घालतात, पण तांब्याचे क्षार कागद कालांतराने कुरतडतात, आणि फेविकॉलने चिकटवलेली पाठ पुढच्या दुरुस्तीला कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. साधी मैद्याची ताजी खळ आणि दोऱ्याची शिवण पुरते.

आणि पुन्हा न मिळणाऱ्या पुस्तकांची यादी मे महिन्यातच करा. नाव, कपाट, फळी, एवढंच लिहायचं. एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला, एक उंच भागात राहणाऱ्या सभासदाच्या घरी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ४० ला लागलं की यादीतली पुस्तकं क्रेटमध्ये भरून वरच्या मजल्यावर, ४५ ची वाट बघायची नाही.