‘ल’ची पाकळी

धाकट्याच्या वहीचं पान मी फाडलं होतं, ते आधी सांगतो. तेव्हा तो तिसरीत होता. पाढे तोंडपाठ. गोष्ट एकदा ऐकली की नावागावासकट परत सांगायचा. पण फळ्यावरच्या दहा ओळी वहीत उतरवायला त्याला पाऊण तास लागायचा. एक अक्षर डोंगराएवढं, दुसरं मुंगीएवढं, शिरोरेघ घसरत खालच्या ओळीत गेलेली. पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या तीन पानांवर वळ उमटायचे. “पप्पा, हात दुखतोय” म्हणायचा, आणि मला ते निमित्त वाटायचं. त्या रात्री मी पान टरकन फाडलं आणि “परत लिही” म्हणालो. तो रडला नाही. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत बसला.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग नीट चालते ठेवणारा. मागावर धागा सारखा तुटायला लागला की आम्ही धाग्याला दोष देत नाही. ताण बघतो, कुठे घासतंय ते बघतो. रोज हेच काम करणाऱ्या मला स्वतःच्या पोराच्या बाबतीत ते दोन वर्षं सुचलं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

शाळेचा शेरा ‘आळस, घरी लक्ष द्यावे’ असा होता. बालरोगतज्ज्ञांनी आधी डोळे आणि कान तपासून घेतले. मग मानसोपचार विभागात बुद्धीची चाचणी झाली, वाचन, लेखन, गणित असं वेगवेगळं तपासलं. बुद्धी चांगली, वाचन वयाप्रमाणे, अडचण लिहिण्यातच. डिसग्राफिया हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तिथून आम्हाला सात रस्त्याजवळच्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी पहिल्या दिवशी त्याला लिहायलाच लावलं नाही. नुसता बसवला आणि मला म्हणाल्या, “याचे पाय बघा.” पाय खुर्चीवरून लोंबत होते. अंग सावरण्यात निम्मी ताकद जात होती आणि उरलेली पेन्सिल आवळण्यात. मग त्यांनी समजावलं ते असं. अक्षर आठवायचं, त्याची कुठली रेघ आधी ते ठरवायचं, खांदा स्थिर ठेवायचा, बोटं हलवायची, डोळ्यांनी ओळ धरायची, ही सगळी कामं एकाच वेळी होतात. आपला हात ती आपसूक करतो. याच्या हाताला प्रत्येक ‘क’ नव्याने शोधावा लागतो. सगळं लक्ष तिथेच संपलं की उत्तर येत असूनही कागदावर उतरत नाही.

पहिले तीन महिने यंत्र वगैरे काही नव्हतं. पायाखाली पाट, टेबलावर उतरती फळी, तीनधारी पेन्सिल, कणकेचे गोळे मळणं, ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं काढणं. हात दुखणं कमी झालं. अक्षरांचे आकार मात्र आज जमले की उद्या पुसले जात.

त्या सुमारास मॅडम एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना त्यांच्या प्रोजेक्टसाठी मदत करत होत्या. प्रयोगशाळेत रोबोटचा हात होता. “आणाल का त्याला?” त्यांनी विचारलं. मी होकार दिला, पण रोबोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हात-पाय असलेला पुतळा होता. प्रत्यक्षात टेबलावर वाचायचा दिवा असतो ना, तसा सांधे असलेला छोटा हात होता आणि त्याच्या टोकाला पेन. आतमध्ये मोटारी.

तिथल्या मुलीने मला नीट सांगितलं. “काका, पेन कुठे आहे ते कॉम्प्युटर सेकंदाला हजार वेळा बघतो. अक्षराची वाट त्याच्याकडे साठवलेली आहे. पेन वाटेवर असेल तर तो काहीच करत नाही. बाजूला गेलं की स्प्रिंग लावल्यासारखा मागे ओढतो, आणि जितकं लांब जाईल तितका जोर वाढतो.” पोराला इजा होईल का, हे मी दोनदा विचारलं. जोर जास्तीत जास्त ३.३ न्यूटन, म्हणजे साधारण ३३० ग्रॅम वजनाएवढा. मी स्वतः पेन धरून मुद्दाम चुकीकडे ओढून बघितलं. कुणीतरी हलकेच मनगट वळवावं तसं वाटलं. मग पोराला बसवलं.

पहिल्याच दिवशी अडचण आली. मुलांनी अक्षरं एका फॉन्टवरून घेतली होती, आणि त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकातले होते. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच आपली मराठीची वळणं, शासन निर्णयातही तीच आहेत. पोरगा शाळेत एक वळण गिरवतो आणि यंत्र त्याला दुसरीकडे ओढतंय! शिवाय फॉन्टमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते, हात कुठून सुरू होऊन कुठे वळतो ते त्यात नसतं. शेवटी मॅडमनीच रोबोटचं पेन धरून एकेक अक्षर सावकाश काढलं, शिरोरेघ शेवटी, आणि ती वाट साठवली. ‘ल’ त्यांनी सात-आठ वेळा काढला, पाकळी मनासारखी होईपर्यंत. यात दोन आठवडे गेले, आणि माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमधलं हेच सर्वांत महत्त्वाचं काम होतं.

आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. सुरुवातीला यंत्राचा जोर पूर्ण ठेवला होता. पडद्यावर अक्षर सुंदर उमटायचं, मी खूश. चौथ्या खेपेला मॅडमनी मला खुणावलं. पोरगा खिडकीबाहेर बघत होता, हात सैल सोडलेला, आणि अक्षर तरीही सुंदर! लिहीत होतं ते यंत्र. मॅडमनी तिथल्या तिथे जोर निम्म्यावर आणायला सांगितला आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला लावली. त्या जागेत चुकला तर चुकू दे, त्यापलीकडे गेला तरच ओढायचं. मोटारीचा आधार सतत मिळाला तर हात त्या आधारासकटच शिकतो आणि आधार काढला की कोरा होतो, हे हालचाल शिकण्याच्या शास्त्रात १९८०च्या दशकापासून मांडलेलं आहे, असं त्या म्हणाल्या.

जोर कमी केल्यावर अक्षर बिघडलं, पोरगा चिडला, मलाही धीर धरवेना. पण त्याच दिवसांत त्याचं लक्ष खिडकीतून पेनावर आलं. ओढ लागली की थांबायचा, “इथे वळायचं होतं” असं स्वतःशी पुटपुटायचा. हे पुटपुटणं ऐकायला मी उन्हातान्हात जुळे सोलापूरहून स्कूटर हाणत यायचो. दर आठवड्याला जोर आणखी थोडा कमी. शेवटची पाच मिनिटं मोटारी बंद, यंत्र फक्त नोंद घेणार. आणि घरी आल्यावर तीच अक्षरं साध्या कागदावर पेन्सिलने, कारण पेन हवेतल्या हाताला जोडलेलं असलं की कागदाचं घासणं कळत नाही.

त्या नोंदीचा आलेख बघायला मला फार आवडायचं. सराईत हाताने एक रेघ काढली की वेगाची एक मोठी लाट दिसते. याच्या पहिल्या आलेखात मागाच्या फणीसारखे दात होते, म्हणजे प्रत्येक रेघेत हात चालतो, थबकतो, परत चालतो. अडीच-तीन महिन्यांनी ‘क’, ‘ल’, ‘म’ यांचे दात विरळ झाले. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’चे तसेच राहिले. फ्रान्समध्ये २००७ साली टेलेमाक नावाच्या अशाच यंत्रावर बालवर्गातल्या मुलांनी सराव केला तेव्हाही हात अधिक सलग चालू लागला होता, हे त्या मुलीने वाचून दाखवलं. शब्दांमधलं अंतर, ऱ्हस्व-दीर्घ, मनातलं वाक्य जुळवणं, यात यंत्राने काही मदत केली नाही. ते आम्ही वेगळं करत होतो, अजून करतोय.

तिनेच आणखी एक गोष्ट सांगितली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या विद्यापीठात नाओ नावाच्या छोट्या रोबोटला मुलांनीच लिहायला शिकवायचं, असा प्रयोग झाला होता. रोबोट मुद्दाम वाईट लिहितो, मूल त्याला सुधारतं, आणि त्यात मुलाचा सराव होतो. नाओ आमच्याकडे नव्हता. पण शेजारच्या घरात अव्वा, म्हणजे तेलुगू आजी, होत्या. आयुष्यभर विड्या वळल्या, तेलुगू वाचता येतं, मराठी बोलता येतं, पण लिहिता येत नाही. मॅडमच्या सांगण्यावरून मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, “शिकव की रे बाबा, पेन्शनच्या कागदावर सही करते.”

रोज संध्याकाळी ओट्यावर दोघं बसू लागले. अव्वांची बोटं विडीच्या पानाला सरावलेली, चपळ, पण ‘ल’ काही जमेना. याने त्यांच्या पाटीवर पाकळी काढून दाखवली, एकदा, दोनदा, पाचदा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणी न सांगता पाच वेळा तेच अक्षर काढलं होतं. मी दारात उभा राहून बघत होतो. मग त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला, अर्धं अक्षर होईपर्यंत धरला आणि सोडून दिला.

आठ वर्षं पूर्ण झाल्यावर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिसग्राफिया त्यातच येतो, त्यामुळे परीक्षेत जादा वेळ मिळतो. चौदाव्या वर्षी परत तपासणी करायची आहे. कागद गोळा करताना दोन ठिकाणी चकरा झाल्या, एवढंच. शाळेच्या नव्या बाईंनी तो कागद न बघताच त्याला तोंडी उत्तरं द्यायची मुभा दिली होती, त्यांचे मी पाय धरले असते.

प्रोजेक्ट मे महिन्यात संपला, मुलं पास होऊन पुण्याला गेली, यंत्र कपाटात गेलं. धाकटा आता पाचवीत आहे. हात अजून हळूच चालतो, निबंध अपुरा राहतो. परवा त्याने वहीवर स्वतःचं नाव घातलं, त्यातल्या ‘ल’वर थांबला, खोडरबर उचललं, पुन्हा बघितलं आणि खोडरबर खाली ठेवलं.